शेवटचा घोट कधी घेतला, ते केसपेपरवर लिहा

पत्र: मी विदर्भातल्या, दारूबंदी असलेल्या एका जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात बंधपत्रावर वैद्यकीय अधिकारी आहे. मागच्या महिन्यात पंचेचाळिशीचा एक शेतमजूर बैलगाडीवरून पडून नडगीचं हाड मोडल्यामुळे मंगळवारी संध्याकाळी सातला दाखल झाला. दारू घेता का, असं विचारलं तर 'कधीमधी' म्हणाला. स्लॅब घातला, दुखण्यासाठी ट्रामाडॉल दिलं, डेक्स्ट्रोजचं म्हणजे साखरेचं सलाइन लावलं. बुधवारी सकाळी नाडी ११२ होती, घाम येत होता, हात थरथरत होते. दुखण्यामुळे असेल असं वाटलं. रात्री दोनच्या सुमारास 'गादीवर मुंग्या चढून राहिल्या' म्हणत अंथरूण झटकायला लागला. बायकोला ओळखत होता, दवाखान्यात आहोत हेही सांगत होता. शांत करायला हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन दिलं. सलाइन उपटायला लागला म्हणून हात बांधले. पहाटे पाचला फीट आली. १०८ बोलावून जिल्हा रुग्णालयात पाठवलं. तिथे तीन दिवस त्याला कशाचंच भान नव्हतं, पण वाचला. बायकोने नंतर सांगितलं, की तो रोज मोहाची पितो आणि त्या दिवशीही चार वाजेपर्यंत पीत होता. आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही, आयसीयू नाही. पुढच्या वेळी नेमकं काय करायचं? शिवाय घरच्यांनी जेवणात मिसळायची एक पूड आणली आहे, ती द्यावी का?

उत्तर:

डॉक्टर, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती बायकोच्या तोंडून आणि सगळ्यात शेवटी आली आहे: मंगळवार, दुपारी चार. शेवटचा घोट त्या वेळचा. तिथून तास मोजत या. बुधवारी सकाळी आठला १६ तास झाले होते. थरथर, घाम, वाढलेली नाडी, मळमळ हे सगळं ६ ते २४ तासांत सुरू होतं. रात्री दोनला ३४ तास झाले, तेव्हा मुंग्या दिसल्या. माणूस शुद्धीत असून भास होणं या टप्प्यात घडू शकतं. पहाटे पाचला ३७ तास. दारू तुटल्यावरची फीट बहुतेक वेळा ६ ते ४८ तासांत येते. त्यानंतर, ४८ ते ९६ तासांच्या पट्ट्यात, भान सुटतं. तोच डीटी, डिलिरियम ट्रेमेन्स. तुमच्या रुग्णाचं शरीर वेळापत्रकाबरहुकूम वागलं. ते वेळापत्रक केसपेपरवर नव्हतं, एवढंच.

तेव्हा पहिली सवय ही लावा. दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या केसपेपरवर, ताप असो वा फ्रॅक्चर, एक ओळ हवी: 'शेवटची दारू: वार, वेळ. रोज किती. मागे बंद केल्यावर काय झालं.' ऑर्थोच्या आणि सर्जरीच्या वॉर्डात हा त्रास जास्त सापडतो, कारण तिथे माणूस दारू सोडायला आलेला नसतो. अपघाताने त्याची दारू तोडलेली असते.

'दारू घेता का' या प्रश्नाला 'कधीमधी' हेच उत्तर येणार, आणि दारूबंदीच्या जिल्ह्यात तर हमखास. पिणारा समोरच्याला डॉक्टर म्हणून बघतच नाही, सरकारी माणूस म्हणून बघतो. आधी हे सांगा: 'हे पोलिसांसाठी विचारत नाही. औषधाचा डोस ठरवायचा आहे.' केस मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी, असेल तर पाळता येणार नाही असं वचन मात्र देऊ नका. मग घेतो हे गृहीत धरूनच विचारा. 'सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? थोडी घेतली की थांबतात का? दिवसातली पहिली किती वाजता? आज किती वाजता घेतली?' या चार प्रश्नांत निम्मं निदान होतं. बायकोला किंवा आईला बाजूला घेऊन आणखी दोन विचारा: मागे कधी पिणं थांबलं होतं तेव्हा फीट आली होती का, आणि दोन-तीन दिवस असंबद्ध बडबडत होता का? घरचे याला 'वारं लागलं' किंवा 'बाहेरचं झालं' म्हणतात, म्हणून तेही शब्द वापरून विचारा. या दोन्हींतल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर हा रुग्ण आजच्या घडीला कितीही शांत दिसो, त्याला पहिल्या तासापासून औषध सुरू करायचं. दर वेळी दारू तुटताना मेंदू आधीपेक्षा जास्त बिथरतो. त्यामुळे मागच्या वेळी फीट आली असेल, तर या वेळी येण्याची शक्यता वाढते.

किती पितो हे मोजायची एक साधी रीत आहे. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमच्या ३० मिलीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास. मोहाच्या आणि हातभट्टीच्या दारूला हे गणित लागू पडत नाही. एका भट्टीची तीव्रता दुसऱ्या भट्टीला नसते आणि पहिल्या धारेची सगळ्यात कडक. तिथे ग्लास मोजण्यापेक्षा सकाळची थरथर विचारणं जास्त खात्रीचं. ओपीडीत वेळ असेल तर ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी वापरा, ८ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे पिणं धोक्याच्या पातळीवर. व्यसनाचा आजार आहे की नाही ते मात्र गेल्या वर्षभराच्या वागण्यावरून ठरतं: ओढ, ताबा न राहणं, मात्रा वाढत जाणं, तुटल्यावर त्रास, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही पिणं. या सहांपैकी तीन असतील तर अवलंबित्व धरतात. रोज पिणारा प्रत्येक जण अवलंबून नसतो आणि अवलंबून असलेला प्रत्येक जण रोज झिंगलेला दिसत नाही. झिंग न दिसणं हे कित्येकदा मात्रा पचवायची सवय झाल्याचंच लक्षण असतं.

आता तपासणी. रुग्णाला दोन्ही हात समोर ताणून बोटं फाकवायला सांगा. थरथर डोळ्यांना दिसत नसेल तर आपल्या बोटांची टोकं त्याच्या बोटांच्या टोकांना लावा. नुसतं दिसत नाही ते तिथे जाणवतं. कपाळावर आणि तळहातांवर घाम आहे का बघा. जिभेची थरथर बघा. मग सिवा-एआर ही गुणपट्टी भरा: मळमळ, थरथर, घाम, चिंता, अस्वस्थता, त्वचेवरचे भास, कानांतले भास, डोळ्यांपुढचे भास, डोकेदुखी या नऊंना प्रत्येकी ० ते ७ आणि भानाला ० ते ४, एकूण ६७. आठच्या खाली सौम्य, ८ ते १५ मध्यम, त्यावर तीव्र. सिस्टरला एकदा शिकवली तर पाच मिनिटांत भरून होते. या पट्टीत नाडी आणि रक्तदाब नाहीत, ते वेगळे लिहा. आणि ही पट्टी निदान करत नाही. मेंदूज्वर झालेला किंवा डोक्याला मार लागलेला माणूसही यात २० गुण मिळवेल.

म्हणून दारूचं नाव लिहिण्याआधी पाच गोष्टी वगळा. रक्तातली साखर ग्लुकोमीटरवर, लगेच. डोक्याला मार: बैलगाडीवरून पडलेल्या दारूच्या रुग्णात कवटीखाली हळूहळू रक्त साचणं फार सहज होतं. बाहुल्या असमान, एका अंगाला कमजोरी, एकाच बाजूची फीट किंवा गुंगी वाढत जाणं, यांतलं काहीही दिसलं तर सीटीसाठी पाठवा. ताप आणि मान ताठ असेल तर मेंदूज्वर, खोकला असेल तर न्यूमोनिया. डोळे पिवळे, पोटात पाणी आणि हात मनगटातून फडफडत खाली पडत असतील, तर ते यकृतामुळे येणारं भानभ्रष्टपण आहे. तिथे बेन्झोडायझेपिन (डायझेपामच्या वर्गातली गुंगीची औषधं) देऊन रुग्ण आणखी खोल जातो. आणि गावात दोन-चार जणांना एकदम उलट्या, धूसर दिसणं आणि धाप असेल तर मिथेनॉल, म्हणजे विषारी दारू. ते वेगळं प्रकरण आहे, तिथे एक तासही घालवू नका.

उपचारांत पहिलं थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१. तुम्ही डेक्स्ट्रोज सलाइन लावलं, सगळे लावतात. पण उपाशीतापाशी पिणाऱ्या शरीरात ब-१ आधीच संपत आलेलं असतं, आणि साखर जाळायला तेच लागतं. उरलंसुरलं तिथे खर्च होतं आणि वर्निके, म्हणजे ब-१ संपल्याने होणारा मेंदूचा आजार, उभा राहतो. साखर खरोखर कमी असेल तर ग्लुकोज थांबवू नका, थायमिन सोबतच द्या. साखर बरी असेल तर आधी थायमिन आणि सलाइन साधं. धोका असलेल्या प्रत्येकाला २५० मिलिग्रॅम रोज एकदा, शिरेतून किंवा स्नायूत, तीन ते पाच दिवस. वर्निकेची शंका असेल तर ५०० मिलिग्रॅम १०० मिली नॉर्मल सलाइनमध्ये अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा, दोन-तीन दिवस, मग २५० रोज. शंका कशावरून घ्यायची? डोळ्यांची हालचाल बिघडणं, चालताना झोक जाणं आणि गोंधळ हे तिन्ही एकत्र फार थोड्या रुग्णांत मिळतात, त्यांची वाट बघू नका. खाण्याची आबाळ, डोळे, तोल आणि गोंधळ किंवा विसर, या चारांपैकी दोन पुरेत. दारूने सुजलेल्या आतड्यातून गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून सुरुवातीला इंजेक्शनच. अनेक दवाखान्यांत 'लाल इंजेक्शन' म्हणून जे मल्टिव्हिटॅमिन देतात त्याच्या लेबलवर थायमिन किती ते वाचा. बहुतेकदा ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. प्रतिबंधाला काहीच नसण्यापेक्षा बरं, वर्निकेला अपुरं.

थायमिन देऊनही सुधारणा नसेल तर मॅग्नेशियम आठवा. ते कमी असलं की थायमिन काम करत नाही आणि फीटही सहज येते. ते तुमच्या प्रसूतिकक्षात पडलेलं असतं: ५० टक्के मॅग्नेशियम सल्फेट, २ मिलीच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम. लघवी व्यवस्थित होत असेल आणि गुडघ्याचा झटका येत असेल तर २ ग्रॅम १०० मिली सलाइनमध्ये तासाभरात. एक्लाम्प्सियाला (गरोदरपणातल्या झटक्यांना) जी काळजी घेता तीच.

दुसरं, आणि खरं औषध, बेन्झोडायझेपिन. दारू मेंदूच्या ज्या ब्रेकवर पाय ठेवून असते, त्याच ब्रेकवर ही औषधं काम करतात. म्हणूनच फीट आणि डीटी दोन्ही तीच अडवतात. यकृत ठीक असेल तर लांब चालणारं औषध निवडा: डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड. १० मिलिग्रॅम डायझेपाम म्हणजे साधारण २५ मिलिग्रॅम क्लोरडायझेपॉक्साइड. वय ६५च्या वर, डोळे पिवळे किंवा दमा-सीओपीडी असेल तर लोराझेपाम १ ते २ मिलिग्रॅम. ते यकृतावर कमी भार टाकतं आणि साचत नाही.

तुमच्या रुग्णाला बुधवारी सकाळी आठला, १२च्या आसपास गुण असताना, डायझेपाम १० मिलिग्रॅम तोंडाने द्यायला हवं होतं आणि पुढे दर सहा तासांनी. शिवाय मधे दर एक-दोन तासांनी गुण बघून ते आठ किंवा वर असतील तर आणखी १०. दुसऱ्या दिवशी दर आठ तासांनी, तिसऱ्या दिवशी दर बारा तासांनी, चौथ्या दिवशी ५ दोनदा, पाचव्या दिवशी रात्री ५ आणि बंद. गुण १५च्या वर असतील तर अशी चमच्या-चमच्याने सुरुवात नको. २० मिलिग्रॅम तोंडाने, दोन तासांनी पुन्हा २०, गुण आठखाली येईपर्यंत. बहुतेकांना अशा तीन मात्रा पुरतात. पुढचे दोन-तीन दिवस औषध स्वतःच हळूहळू उतरत जातं. प्रशिक्षित सिस्टर असतील तर ठरावीक वेळेची मात्रा न देता फक्त गुणांनुसार देण्याची पद्धत आणखी चांगली, त्यात एकूण औषध कमी लागतं. पण रात्री चाळीस रुग्णांमागे एक सिस्टर असेल तर ती पद्धत कागदावरच राहते. तिथे ठरावीक वेळेची मात्राच सुरक्षित, असं आमचं स्पष्ट मत आहे.

किती दिलं की पुरे? हाक मारली की डोळे उघडेल, नाही मारली तर झोपलेला राहील, ही पातळी. प्रत्येक मात्रेआधी सिस्टरने हाक मारायची, श्वास मोजायचे, ऑक्सिमीटर लावायचा. हाकेला जाग नाही, श्वास १२च्या खाली किंवा ऑक्सिजन ९२च्या खाली असेल तर ती मात्रा नाही, आणि डॉक्टरला बोलवायचं. तोंडाला दारूचा वास असतानाच औषध द्यायची वेळ आली तर जास्त जपून. पण वास येत असतानाच थरथर सुरू झाली असेल तर तो गंभीर रुग्ण समजा. या औषधांची भीती वाटून अर्धी-पाव गोळी देणं हीच सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. कमी मात्रेने रुग्ण शांत होत नाही, मग त्याला बांधतात, बांधलं की तो आणखी धडपडतो, ताप चढतो, स्नायू झिजतात, मूत्रपिंडावर येतं.

इंजेक्शनबद्दल थोडं. डायझेपामच्या २ मिलीच्या अँप्युलमध्ये १० मिलिग्रॅम असतं. ते सलाइनच्या बाटलीत टाकू नका, गढूळ होऊन खाली बसतं. मोठ्या शिरेतून, मिनिटाला ५ मिलिग्रॅमपेक्षा हळू द्या. स्नायूत दिलं तर कधी शोषलं जाईल याचा भरवसा नाही. स्नायूतच द्यायचं तर लोराझेपाम.

फीट आली तर कुशीवर वळवा, साखर बघा, लोराझेपाम २ मिलिग्रॅम शिरेतून हळू. शीर सापडत नसेल तर मिडाझोलाम १० मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. फीट आपोआप थांबली असली तरी लोराझेपामची ती एक मात्रा द्या, पुढची फीट टाळायला तिचा उपयोग होतो. फिनिटोइन हे फीटचं नेहमीचं औषध या फीटला काम करत नाही, ते लावून निर्धास्त होऊ नका. फीट आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश पुढे डीटीत जातात, म्हणजे फीट थांबली की काम सुरू होतं.

हॅलोपेरिडॉलबद्दल तुम्हाला वाईट वाटत असेल. बहुतेक कॅज्युअल्टीत आडदांड रुग्णाला तेच टोचतात. पण एकट्या हॅलोपेरिडॉलने फीटचा उंबरठा खाली येतो. प्रोमेथाझिनही तेच करतं आणि वर गोंधळ वाढवतं. ट्रामाडॉलही फीटला वाट मोकळी करून देतं. एकाच रात्री तिन्ही गेली. बेन्झोडायझेपिन पुरेसं पोचल्यावरही भास आवरत नसतील, तरच २ ते ५ मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल, तेही ईसीजी बघून. हाडाच्या दुखण्याला पॅरासिटामॉल द्या, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. डायक्लोफेनॅक अशा पोटाला आणि यकृताला झेपत नाही. प्रोप्रानोलॉल, क्लोनिडिन एकटी वापरू नका. नाडी खाली येते, गुणपट्टी गोड दिसते आणि फीट आतून येतच असते.

भान सुटलं तर तुमच्याकडे थांबवू नका, पण तसंच अॅम्ब्युलन्समध्येही चढवू नका. आधी डायझेपाम १० मिलिग्रॅम शिरेतून, दर दहा मिनिटांनी परत, तो शांत होईपर्यंत. श्वासावर डोळा, कृत्रिम श्वास द्यायची अँबू बॅग हाताशी. थायमिन ५०० गेलेलं असावं. रेफरच्या चिठ्ठीवर चार गोष्टी: शेवटची दारू कधी, फीट किती वाजता, कोणतं औषध किती मिलिग्रॅम किती वाजता, थायमिन गेलं की नाही. ही चिठ्ठी नसली की पुढचा डॉक्टर शून्यापासून सुरू करतो, आणि डेक्स्ट्रोजपासूनच सुरू करतो. हात बांधायची वेळ आलीच तर ती औषध चढेपर्यंत, मऊ पट्टीने, वेळ आणि कारण लिहून, आणि कुणीतरी शेजारी बसून. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. त्याच्या ९४व्या कलमाखाली जीव धोक्यात असेल तेव्हा कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. म्हणजे 'मानसोपचारतज्ज्ञ नाही, मी काय करणार' हा प्रश्न कायद्यानेही तुमच्यासाठी सोडवून ठेवला आहे.

वॉर्डात रात्री त्या खाटेजवळचा दिवा चालू ठेवा, अंधारात भास वाढतात. ओळखीचं माणूस जवळ असू द्या. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, विचारा! तुमच्या भागात दारू पिणारा दिवसभर खर्रा चघळतो. वॉर्डात तो बंद होतो आणि दुसऱ्याच तासापासून चिडचिड, बेचैनी सुरू होते. ती दारूच्या खात्यावर लिहिली जाते. निकोटिन गम द्या: उठल्यावर अर्ध्या तासात तंबाखू लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २चा. तो खर्ऱ्यासारखा सतत चावायचा नाही. चव आली की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा.

वरचं गणित दारूचं आहे. झोपेच्या गोळ्यांनाही, खास करून अल्प्राझोलामला, बरंचसं लागू पडतं. फक्त तिथे त्रास काही वेळा उशिरा सुरू होतो आणि गोळी एकदम बंद न करता आठवड्यांमध्ये उतरवावी लागते. शेजारच्या तेलंगणात ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट मिसळल्याचं सापडलं आहे. त्यामुळे सीमेवरच्या गावातला रुग्ण 'फक्त ताडी' म्हणाला आणि फीट आली, तर हे आठवा. ब्राउन शुगर, कोडीनचं सिरप, ट्रामाडॉल यांचा त्रास वेगळा दिसतो: बाहुल्या मोठ्या, अंगावर काटा, नाक-डोळे गळणं, जांभया, जुलाब, पायांत गोळे. माणूस तळमळतो पण सहसा जिवावर बेतत नाही, गर्भवती सोडून. त्यांना ब्युप्रेनॉर्फिन लागतं, आणि ते त्रास स्पष्ट सुरू झाल्यावरच द्यायचं असतं. आधी दिलं तर तेच त्रास एकदम उसळवतं. ते काम व्यसनोपचार केंद्राचं, तिथे पाठवा.

आता घरच्यांचा प्रश्न. पाच दिवस डायझेपाम घेऊन माणूस थरथर न होता घरी गेला, म्हणजे दारू सुटली असं नाही. शरीरातून उतरली, इतकंच. पुढचे तीन महिने सगळ्यात कठीण, आणि नेमकं तेव्हाच कुणी विचारत नाही. त्यासाठी औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम रोज एक, पिण्याची मजा आणि ओढ कमी करतं. यकृताची एन्झाइम्स फार वाढलेली असतील किंवा माणूस अफूवर्गातलं काही घेत असेल तर चालत नाही. हाडासाठी ट्रामाडॉल सुरू असेल तर तेही आधी बंद होऊन सात-दहा दिवस जायला हवेत. अकॅम्प्रोसेट ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या तीन वेळा. यकृताला त्रास नाही, पण मूत्रपिंड तपासून. सिरोसिस असेल तर बॅक्लोफेन, ५ मिलिग्रॅम तीन वेळा सुरू करून १०पर्यंत.

ती पूड देऊ नका, आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. 'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत वर्षानुवर्षं चिकटलेल्या आहेत. पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणसाने वर दारू घेतली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि हृदय कमकुवत असेल तर माणूस जातो. डायसल्फिराम खरं औषध आहे, काही जणांना फार उपयोगी पडतं. पण ते रुग्णाला सांगून, त्याची लेखी संमती घेऊन, शेवटच्या घोटानंतर किमान २४ तासांनी, २५० मिलिग्रॅम रोज, घरच्या माणसासमोर घ्यायचं असतं. बंद केल्यावरही चौदा दिवसांपर्यंत दारूची प्रतिक्रिया येऊ शकते. आणि न सांगता दिल्याचं कळलं, की तो माणूस बायकोच्या हातचं जेवण आणि तुमचा दवाखाना दोन्ही सोडतो.

बायकोला सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत. डायझेपामच्या गोळ्या तिच्या ताब्यात, एका वेळी दोन-तीन दिवसांच्याच. थायमिन १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा काही आठवडे. वेळेवर जेवण. आणि पुन्हा प्यायला लागलाच तर घरी एकदम बंद करायला लावू नये, दवाखान्यात आणावं. हे तिला पटायला वेळ लागतो, कारण गावात सगळे तिला 'कोंडून ठेव, दोन दिवसांत उतरेल' असंच सांगतात. ज्याला मागे कधी फीट किंवा डीटी आलेला नाही, घरी सांभाळणारं माणूस आहे आणि जो रोज तुमच्याकडे येऊ शकतो, त्याचेच उपचार घरी होऊ शकतात. तुमचा हा रुग्ण आता त्यांत बसत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या मानसोपचारतज्ज्ञांची तारीख घेऊन ठेवा. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि नशामुक्तीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक कार्डावर लिहून द्या. पहिली भेट आठवड्याच्या आत. प्लास्टर बघायला तो येणारच आहे, त्याच दिवशी ही भेटही जोडून घ्या, म्हणजे 'दारूच्या डॉक्टरकडे' वेगळं यावं लागत नाही.

डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात फक्त नडगीचं हाड लिहू नका. खाली मोठ्या अक्षरांत लिहा: 'दारू तुटल्यावर ३७ तासांनी फीट, नंतर डीटी. पुढे कुठेही, कशासाठीही दाखल झाल्यास पहिल्या तासापासून थायमिन आणि डायझेपाम. ट्रामाडॉल टाळावं.' प्लास्टर काढायला तालुक्याला, पुढे कधी हर्नियाला नागपूरला, तो हेच कार्ड घेऊन जाईल.